सॅम्पल नंबर दोन

मोरिवली, अंबरनाथ
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून तू हसशील. दादाला आता पत्रं सुचायला लागली म्हणशील. तुझा नवा नंबर आमच्या पोराकडे, हितेशकडे आहे हे मला ठाऊक आहे, पण मी मागितला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, आणि चढला की मी खरं सोडून भलतंच बोलतो. तरी दोनदा बदलापूरला तुझ्या गॅरेजसमोर येऊन गेलो. दुसऱ्या वेळी तू एका स्कूटरखाली आडवा होतास, नुसत्या चपला दिसत होत्या. मी टपरीवर चहा घेतला आणि परत फिरलो. म्हणून हे पत्र. हितेश आणून देईल.

इकडचं सर्व ठीक. तुझ्या वहिनीचं बीपी गोळीवर आहे. आई वयाच्या मानाने बरी. गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. फक्त गेले तीन आठवडे ती विकतच्या पिठाची भाकरी खाते. थापताना भाकरी तुटते, मग पिठाला शिव्या घालते, पण घरघंटी सुरू करू देत नाही. बटणाला कोणी हात लावला तर ओरडते. म्हणते, विनीत येईल तेव्हाच ती चालू होईल. गल्लीतल्या बाया तांदळाचे डबे घेऊन येतात आणि तसेच परत नेतात.

ती असं का करते, ते सांगायलाच बसलोय. पण मला जरा दमाने येऊ दे.

शेड बंद केली. एकतीस ऑक्टोबरला शेवटची मोटर गेली, एका डेअरीवाल्याची, रिवाइंडिंगची. नवीन मोटर बनवून तर तीन वर्षं झाली. या दसऱ्याला टेस्ट बेंचवर हारही घातला नाही, नुसती हळदकुंकवाची बोटं ओढली. शेवटच्या मोटरलाही पिवळी चिठ्ठी बांधली बरं का. बाबा गेले तरी तो नियम मी मोडला नाही. आठ तास लोडवर चालवायची, किती तापली ते लिहायचं, पास की नापास लिहायचं आणि खाली तपासणाऱ्याने सही करायची. चिठ्ठी नसलेली मोटर शेडच्या दाराबाहेर जायची नाही. बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक मोटर घेत नाही, सही घेतो. चाळीस वर्षांत त्या चिठ्ठ्यांवर माझ्या किती सह्या झाल्या असतील, कोण जाणे. त्यातल्या एका सहीबद्दल लिहायचं आहे.

हितेशची बॅटरीची स्कूटर तू बघतोसच. तो सर्व्हिसिंगला तुझ्याकडेच येतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बापाला न सांगता काकाकडे जायचं असेल तर निदान काकाने लावलेला गॅरेजचा स्टिकर तरी काढून यावं. गाडी घेतली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. वरून नाव देशी, आतून सगळा चायना माल, वर्षात रस्त्यावर बसेल, असं बोललो. अडीच वर्षं झाली. एक टायर आणि एक बेअरिंग, एवढंच बदललं. मध्यंतरी त्याने मला मागे बसवून पुलावरून नेलं. चढावर मी मुद्दाम वजन टाकून बसलो, बघू दमते का. दमली नाही. हितेश आरशातून माझ्याकडे बघत होता. पोरगा शहाणा आहे.

दिवाळीआधी त्याने मागचं चाक उतरवून मोटर उघडली होती, बेअरिंग बदलायला. मी सहज म्हणून वाकलो. विनीत, तारेवर तार कशी बसली होती म्हणून सांगू! एक वेटोळं सैल नाही, एक आडवं नाही. मी पंधराव्या वर्षापासून तार भरतोय. अख्ख्या एमआयडीसीत बाळाजीचा हात म्हणून लोक नाव घ्यायचे. मला तशी भरता आली नसती. आजही नाही आणि तेव्हाही नाही. आणि किंमत ऐकली तर तेवढ्यात मला नुसतं तांबंसुद्धा मिळत नाही. हे मी घरात कुणाजवळ बोललो नाही.

तू हेच सांगत होतास ना? ग्वांगझूच्या प्रदर्शनातून आलास तेव्हा जेवताना तुझा घास हातातच राहायचा. "दादा, ते लोक मागू तसं देतात. हलकं मागितलं तर हलकं, चांगलं मागितलं तर चांगलं. आपले व्यापारी हलकं मागतात आणि मग चायनाला नावं ठेवतात." हे तुझं वाक्य मला पाठ आहे. त्या वेळी मी म्हणालो होतो, आठ दिवस काय जाऊन आला, लगेच त्यांचा वकील झाला. बाबा हसले होते. तुझं तोंड उतरलं होतं.

तू दोन सॅम्पल आणली होतीस. घरघंटीची एक हॉर्सपॉवरची मोटर. तुझं म्हणणं होतं की मोटर तिकडून आणू, घंटीचं बाकीचं काम इथे करू, शेडही राहील आणि माणसंही राहतील. उल्हासनगरचे टेकचंदशेठ वर्षाला हजार घंट्या उचलायला तयार होते. बाबांनी अट घातली की आपल्या बेंचवर आठ तास चालली तर विचार करू. जुलै महिना होता, २०१६. सकाळी नऊला तू बटण दाबलंस. दुपारी एकपर्यंत मोटरवर हात ठेवता येत होता. टेकचंदशेठ खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बालाजीभाई, ये तो पंखे से भी ठंडी है." बाबांनी दोनदा उठून मोटरवर हात ठेवला. बाबांचा हात मी ओळखतो. ते मनातून पटल्यावरच दुसऱ्यांदा हात ठेवायचे.

मग जेवणाची सुट्टी झाली. तू मोटर बंद केलीस आणि अंबरनाथ पूर्वेला पेढे आणायला गेलास. चार तास बाकी होते, पण तुला खात्रीच होती. बाबा शेठना घेऊन घरी जेवायला गेले. कामगार बाहेर झाडाखाली डबे उघडून बसले. शेडमध्ये मी एकटा होतो.

आता लिहितो.

मी मोटरचं मागचं झाकण काढलं. सुरू होताना जोर देणारी जी जादा वेटोळी असतात, ती वेग आला की आपोआप सुटली पाहिजेत. त्या स्विचमध्ये मी फायबरचा एक तुकडा अडकवला. आता ती सुटणार नव्हती. जळणार होती. झाकण लावलं, हात धुतले आणि डबा खायला बसलो. वालाची भाजी होती.

तू आलास, पेढ्यांचा बॉक्स बाकावर ठेवलास, बाबा आणि शेठ येईपर्यंत थांबलास आणि बटण दाबलंस. वीस मिनिटांत धूर झाला. तू बाकावरचा बॉक्स लवंडून स्विचकडे धावलास. मी तुझ्याआधी पोचलो होतो, कारण मी त्याच्याजवळच उभा होतो. पुढचं तुला माहीत आहे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बघा, चायना माल." पिवळ्या चिठ्ठीवर नापास लिहिलं, सही केली. बाबांनी ती भिंतीवर खिळ्याला लावली. तू ती मोटर उघडायला मागितलीस, तेव्हा मी म्हणालो, जळलेल्यात काय बघायचं, आणि ती भंगारात दिली. कामगार तुला पाठीमागे 'चायना' म्हणायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही. दोन महिन्यांत तू तुझी बायको आणि तीन वर्षांची रिद्धी यांना घेऊन बदलापूरला गेलास.

का केलं, हे तू विचारशील. धंदा वाचवायचा होता असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. मला भीती वाटली. तू शिकलेला, तुला इंग्रजी येतं, विमानाने जाऊन आलास. माझ्याजवळ हे दोन हात सोडून काय होतं? मोटर तयार आली तर त्या शेडमध्ये मी कोण? बाबांनी दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा माझी जागा गेली असं मला वाटलं. एवढंच. धाकट्या भावाचा मत्सर म्हण हवं तर, मी नाही म्हणणार नाही.

टेकचंदशेठनी पुढच्याच वर्षी कुणा दुसऱ्याला धरून तसल्याच मोटरी मागवल्या. आपलं घंटीचं काम गेलं. म्हणजे मी काहीसुद्धा वाचवलं नाही. आणि बाबा. शेवटच्या आजारपणात ते मला म्हणाले, "विनीतला सांभाळून घे, त्याला मशीन कळत नाय." मी हो म्हणालो. मान हलवून हो म्हणालो. तू स्मशानात लांब उभा राहून परस्पर निघून गेलास, तेव्हा तुला हाक मारायची माझी छाती झाली नाही.

आता घरघंटीचं. तू गेलास त्याच पावसाळ्यात आईच्या घंटीची मोटर जळली. ती मी भरलेली होती. घरात पीठ नाही, सण तोंडावर. तुझं दुसरं सॅम्पल बेंचखाली गोणपाटात तसंच पडून होतं. मी ते बसवलं. वरून आपला हिरवा रंग मारला आणि तिकडच्या पट्टीवर आपल्या शेडच्या 'बनू' मार्काची पितळी पट्टी ठोकली. आईला वाटलं, बालाने नवीन भरून दिली. गल्लीत सांगत सुटली, "माज्या बालाची मोटर हाय, आवाज नाय करत." नऊ वर्षं, विनीत. रोजचं आमचं पीठ, वर गल्लीतल्या दहाबारा घरांचं. एकदा उघडली नाही, एक बेअरिंग बदललं नाही. रोज ताटात भाकरी आली की मला ती मोटर आठवायची. मी तरी खायचो. माणूस कशालाही सरावतो.

तीन आठवड्यांपूर्वी, शेडचं आवरणं चालू असताना, हितेशने घरी घंटी पुसायला घेतली आणि ढिला झालेला रिवेट काढला. पितळी पट्टी निघाली. खाली चिनी अक्षरं. त्याने मला हाक मारली, "पप्पा, ये क्या है? ही तर चायनाची मोटर आहे." आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. मी पटकन म्हणालो, मध्ये बदलली होती. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. हितेशने पट्टी माझ्या हातात दिली. आईने नुसतं वर बघितलं.

दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपासून. ती सुपातले खडे काढत राहिली. मग विचारलं, "म्हंजे त्याची मोटर चांगली व्हती?"

मी म्हणालो, हो.

"दोनीपन?"

दोन्ही.

"आन मी नऊ वरसं तुजा नाव घेतला."

रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला धरून उठली, घंटीचं बटण बंद केलं, वर जुनं लुगडं टाकलं. म्हणाली, "आता त्याच्या हातशी चालू होल. तवर मना तुजा पीठ नको." तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझ्यासाठी डबाभर तांदूळ धुऊन वाळवून ठेवलेत. दर चार दिवसांनी ऊन दाखवते.

मला माफ कर असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. नऊ वर्षं तू दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा पडून काढलीस, त्यावर मी एक शब्द लिहायचा आणि तू तो घ्यायचा, हे बरोबर नाही. तू मला शिव्या दे, हात उचल, कायमचं तोंड बघू नकोस. मी थकलोय, मला आता वाद घालता येत नाही. पण आईसाठी एकदा ये. रिद्धीला आण. मी घरात नको असेन तर तेवढा वेळ शेडमध्ये जाऊन बसेन, चावी महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे.

कामगारांपैकी चौघे अजून इथेच आहेत. त्यांना बोलावून मी खरं काय ते सांगितलं. टेकचंदशेठना उल्हासनगरला जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, "मुझे नहीं, उसको बोलो." बाबांना सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

भिंतीवरची ती नापासची चिठ्ठी मी उतरवून ठेवली आहे. ती फाडायची तर तू फाड. शेडमधली शेवटची कोरी चिठ्ठी उरली होती, ती भरून या पत्राला टाचली आहे. बाबांच्या नियमाप्रमाणे सही केल्याशिवाय मोटर दाराबाहेर जात नाही. ही मोटर सहीशिवायच घरात आली होती.

वहिनीचा आशीर्वाद. रिद्धीला माझा नको असेल तर आजीचा म्हणून सांग.

तुझा दादा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

बाळाजी

(टाचलेली चिठ्ठी)

मोटर : विनीतचं सॅम्पल नं. २, एक हॉर्सपॉवर
किती चालली : नऊ वर्षं
तापली का : नाही
आवाज : नाही
निकाल : पास
शेरा : सॅम्पल नं. १ सुद्धा पास होतं.
तपासणारा : बाळाजी