श्वासाचा पंप बंद नको

आई,

किती वेळा सांगू, 'आमचा वर्लिन त्याच्या बाबांच्या फुप्फुसांवर औषध शोधतोय' असं चर्चमध्ये सांगत फिरू नकोस! बोस्टनच्या या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुतो. संध्याकाळी वर्गात बसून, कुठलं रसायन औषध ठरेल हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवतो.

परवा माझ्या प्रोग्रॅमची सगळी उत्तरं बरोबर आली. मी नाचलोच. शिकवणाऱ्या लोरेटाबाई हसल्या, "अरे, सरावाचीच रसायनं परीक्षेला दिलीस. पेपर फोडून पास झालास की!" नवी दिली, तर निम्मी चुकली.

दमतो गं, पण जेवतो वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या औषधाच्या भरवशावर बाबांनी श्वासाचा पंप बंद केलाय, असं ताई म्हणाली. त्यांना म्हणावं, माझं औषध इतक्यात येत नाही. आजच पंप आणा.

तुझा वर्लिन

सोबत पंपासाठी दोनशे चाळीस डॉलर पाठवतोय.