चार चाकांची सवत

५ जाने. १९६१
सुगंधाले तिसरा महिना सरत आला. सकाळी भाकरी थापता थापता सांगतलं, मीठ संपलं म्हणून सांगावं तसं. खुशी झाली म्हणायचीही भीती वाटते. पहिलं चौथ्यात गेलं, दुसरं पाचव्यात. दुसरं गेलं त्याच्या आदल्या दिवशी दुरुस्तीले आलेल्या इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, बल्लीले बांधून आम्ही दोघांनी उचललं होतं. एका टोकाले मी, एका टोकाले ती. तिनं आजवर त्याचा विषय काढला नाही. मीही नाही. पण मले माहीत आहे.

७ जाने.
सु.ले म्हटलं, आजपासून बल्लीले हात लावायचा नाही. म्हणे, "मंग दुसऱ्या टोकाले कोन? तुमचा मेलेला बाप?"
कापूस वेचणीच्या दिवसात दारव्ह्यात माणूस भेटत नाही. भेटला तो तिसऱ्या दिवशी जिनिंग कारखान्यात पळाला. अन् खरं लिहायचं तर तिच्यासारखा जोडीदार कोणी नाहीच. मी कंबर वाकवायच्या आधी तिले समजते.
क्रेन बनवतो. जिनात फिटर होतो तेव्हा तिथं एक होती. एकटा माणूस साखळी ओढे अन् प्रेसचं डोकं वर जाये. बनते कशी नाही, पाहतो.

१५ जाने., रवि.
रहीमचाचाच्या बैलबंडीवर यवतमाळच्या भंगारातून माल आणला. रुळाचे दोन तुकडे, अँगल, बिडाची चार चाकं, वजन उचलायची जुनी चेनकुप्पी. साखळी ओढून पाहिली. दोन दात झिजले आहेत पण पकडते.
चाचा म्हणे, "मिस्त्री, घर में रेल चलाओगे क्या?"
सु. दारात उभी होती. सगळं उतरेपर्यंत पाहत राह्यली अन् म्हणे, "आली काय माही सवत." चाचा हसून हसून बंडीवरच बसला. आता नाव तेच पडणार.

२२ जाने.
अँगलले चौदा भोकं पाडली हातानं. पंधरावं अर्ध्या बोटानं सरकलं. हातोडा फेकला तो तुळशीच्या जुन्या ओट्याले लागला, ओट्याचा कोपरा गेला. सु.नं हातोडा उचलून आणून दिला. "त्याच्यावर काहून राग? भोक तुमीच पाडलं." बरोबर आहे. भोक बुजवून नवीन पाडलं.

२९ जाने.
सु. दोन दिवस झाले बोलत नाही. आज जेवताना बोलली.
"सहा वर्सं म्या उचललं. आता लोखंड उचलन. मंग मी काय करू?"
म्हणायचं होतं की मले तुह्या जिवाची भीती वाटते. म्हटलं काय, तर "भाकरी चांगल्या करते तू." गाढव आहे मी. ताट सरकवून उठली.

१ फेब्रु.
उभा रूळ बसला. वरचा हात बसला. बोल्ट आवळले. पाया लांब केला, पुढं दोन पाय, चार चाकं. ढकललं तर अंगणातून शेडपर्यंत एका हातानं येते. पोरासारखा मागंपुढं करत राह्यलो. सु. आतून पाहत होती, बाहेर आली नाही.

५ फेब्रु.
आज बोललो. कसं ते माहीत नाही, पाना हातात होता अन् तोंडातून निघालं. म्हटलं, मागचं गेलं ते त्या फ्लायव्हीलनं गेलं, मी तुले उचलायले लावलं, म्हणून हे लोखंड उभं करून राह्यलो, तुले काढायले नाही.
सु. म्हणे, "मले वाटे तुमाले ठाऊकच नाई. म्या म्हटलं, सांगून कायले तुमच्या जिवाले घोर."
दोन वर्षं एका घरात दोघं एकच गोष्ट लपवून बसलो होतो. ती रडली. मीही, लिहून ठेवतो, लाज कसली.
मग डोळे पुसून साखळी हातात घेतली, ओढून पाहिली. "हिले तं जोरच नाई लागत. साखळी मी ओढीन. बसून."
ठरलं. साखळी हातभर वाढवतो, म्हणजे तिले स्टुलावर बसून पुरेल.

१० फेब्रु.
साखळी वाढवली. बंजारा तांड्यावरचा रामसिंग नाईक परवा इंजिन घेऊन येतो. त्याचंच फ्लायव्हील काढायचं. पहिलं वजन.

१२ फेब्रु., रवि.
जसं झालं तसं लिहितो.
धम्मदीक्षा घेतल्यापासून आम्ही नारळ फोडत नाही. पण नवी वस्तू तशीच कशी वापरायची, हे सु.च्या मनात. तर तिनं पहाटेच उठून अख्खं शेड शेणानं सारवलं. काठानं चुन्याची रेघ ओढली. मी पाहिलं अन् बरं वाटलं मले. म्हटलं, हिनं सवतीले घरात घेतलं. जमीन ओली आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, डोक्यात गेलंच नाही.
नाईक आला. फ्लायव्हील बांधलं. सु. स्टुलावर बसली, पदर खोचला, साखळी ओढली. उठलं. एक वीत, दोन वीत. नाईक म्हणे, "वा रे बाई." मी तिच्याकडं पाहिलं, ती माह्याकडं.
अन् पुढचं उजवं चाक जमिनीत गेलं. क्रेन तिरपी झाली. मी ओरडलो "सरक", पण तिले सवय. सहा वर्षांची सवय. वजन कलंडलं की खांदा लावायचा. उठली अन् क्रेनच्या हाताखाली खांदा लावला. नाईक त्याच्या बोलीत "याडी", आई, करून ओरडला, दोरी धरली, मी मागून क्रेनचा पाया ओढला. फ्लायव्हील खाली आपटलं. कोणाले लागलं नाही.
"काई नाई झालं मले," म्हणे. संध्याकाळी कंबर धरून बसली.

१४ फेब्रु.
थोडं रक्त गेलं. गजराबाई सुईणीले आणलं. पोट चाचपलं, बाजेच्या पायथ्याखाली विटा ठेवायले लावल्या. तीन आठवडे पाय जमिनीले लावायचा नाही. विचारलं, राहील का. म्हणे, "राह्यलं तं राह्यलं, बापू. मी देव नोहो."

१५ फेब्रु.
सु. म्हणे, "म्या सारवलं म्हनून झालं."
म्हटलं, माह्यामुळं झालं. अख्ख्या वऱ्हाडाले ठाऊक आहे, काळ्या मातीवर काही उभं राहत नाही. घराची भिंत घालायची तर मुरूम लागेपर्यंत खोदतो आपण. अन् मी शहाणा, जिनातली फरशी डोळ्यापुढं ठेवून माप घेतलं. ओलं नसतं तरी कधीतरी रुतलंच असतं.
"नाई. ओलं होतं म्हनून."
दोष कोणाचा यावर भांडलो. दोघांलेही तो दुसऱ्याले द्यायचा नव्हता. शेवटी पेज गार झाली, पुन्हा गरम करून पाजली.

२० फेब्रु.
शेड खोदून राह्यलो. हातभर काळी माती काढली. चाचा टेकडीचा मुरूम टाकून गेला, भाड्याचं नाव काढू देईना. म्हणे, "बहू कैसी है, पहले वो बोल."
स्वयंपाक मीच करतो. भाकर जमत नाही. सु. खाते, नावं ठेवत नाही, हे जास्त लागते.

२३ फेब्रु.
तिची बाज दारापाशी ओढली, बाजेसकट, विटांसकट. तिथून ऐकते. मी धुम्मसानं मुरूम ठोकतो अन् ती पडल्या पडल्या सांगते. "कोपऱ्यात पोकय आवाज येते. तिथं आनखी." पाहिलं तर खरंच भुसभुशीत. चार वेळा ठोकायले लावलं. आज पहिल्यांदा वाटलं की दोघं काम करून राह्यलो.

५ मार्च, रवि.
मुरमावर फरशी बसली. नाईकाचं फ्लायव्हील उचललं, एकट्यानं. पूर्ण वर, फिरवलं, इंजिनावर नेलं, उतरवलं. चाक इंचभर हललं नाही. सु. दारातल्या बाजेवरून पाहत होती.
"चांगली हाये सवत," म्हणे. "भरवशाची हाये."
मले काही वाटलं नाही. महिन्याआधी असतं तर गावभर सांगत फिरलो असतो. आता कोणी म्हटलं की ही मोडून नाल्यात टाक, तुही बायको अन् लेकरू धड राहते, तर एका दुपारी मोडीन.

८ मार्च
तीन आठवडे झाले. गजराबाई आली. रक्त थांबलं ते चांगलं म्हणे. उठून बसू दे, दारापर्यंत चालू दे. मग मले बाहेर घेऊन गेली. "पाचवा सरत आला. आतापर्यंत हालाले पायजे होतं. हालते का, ते ध्यान ठेव. आठ रोज पाहू, नाई तं यवतमायले दवाखान्यात ने."
सु.नं विचारलं, बाहेर काय म्हणे ते. म्हटलं, गजराबाईच्या विळ्याले धार लावायची आहे.

९ मार्च
काही नाही. विचारत नाही मी. तिचा हात दिवसभर पोटावर असतो.

१० मार्च
नाही.

११ मार्च, शनि.
दुपारी हाक मारली. गेलो. "हात आना इकडं."
हात ग्रीसनं काळा होता. पुसायले लागलो तर म्हणे, राहू द्या तसाच. धरून पोटावर ठेवला, डाव्या अंगाले. "हाललं. आताच हाललं. पाहा."
मी डोळे मिटले. श्वास धरला. इंजिनात कुठं ठोका चुकते ते हात ठेवून सांगतो मी, लोक म्हणतात मिस्त्रीच्या हातात कान आहे. शंभरापर्यंत मोजलं. दुसऱ्यांदा शंभर मोजलं.
"लागलं ना?"
म्हटलं, हो. लागलं.
"पोरगी असन. हयू हयू हालते." हसली. कितीक दिवसांनी. मग हसता हसता डोळा लागला तिचा.
मले काही लागलं नव्हतं. इथं लिहितो, तिले सांगणार नाही. हात काढला नाही, म्हटलं झोपेत हालेल. चारपर्यंत तसाच बसलो. बाहेर नाईकाची बंडी आली, दुसरं इंजिन घेऊन. त्यानं दोनदा "मिस्त्री, ओ मिस्त्री" म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही.