माझ्याखालून खपलेल्या खुर्च्या

प्रिय अण्णा,

आज दुकानात तुमची फार आठवण झाली, आणि थोडा रागही आला. हल्ली दुकानात माझ्या हाताखाली बसणारी अक्काची सुमा माझ्यावर भडकून भर दुपारी केशवापूरला घरी निघून गेली. कारण? ती बसलेली खुर्ची मी विकली! ही सवय कुणाची, सांगा बघू?

वडील ऑफिसच्या टेबल-खुर्च्या विकतात आणि मुलीला बसायला खुर्ची नाही, हे हुबळीत कुणाला खरं वाटलं असतं का? कॉलेज संपवून मी लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या दुकानात बिलं करायला आले, तेव्हा तुम्ही मोठ्या कौतुकानं नवीकोरी फिरती खुर्ची दिलीत. दुपारपर्यंत ती एका वकिलांच्या ऑफिसात! "बघा साहेब, आमची शैला सकाळपासून बसलीय. काही तक्रार?" मी मान हलवायची, उठायचं आणि स्टूल ओढायचं. पण खप काय व्हायचा! तुमच्या जिभेइतकंच ते माझ्या बैठकीचंही यश होतं, हे तुम्ही कधी कबूल केलं नाहीत.

घरी जेवताना मी तणतणायचे. तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "अगं, दुकान आपलंच आहे की." आपलं होतं ना, मग पाटीवर 'अँड सन्स' का? दादा तर बेंगळूरात नोकरी करत होता! येणारेजाणारे विचारायचे, "लग्न होईपर्यंत येते वाटतं?" तुम्ही नुसतं हसायचात. ते हसणं मला लागायचं, अण्णा.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि गिऱ्हाईक आटलं. मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळत होती. उद्यापासून येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात कलघटगीचा एक व्यापारी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इदु एष्ट्री?" किंमत विचारली म्हटल्यावर मी सवयीनं उठले.

"इदु कोडूदिल्री," तुम्ही म्हणालात. "मालकर कुर्ची ऐति."

विकायची नाही, मालकांची खुर्ची आहे! एवढ्या मंदीत आलेलं गिऱ्हाईक, आणि तुम्ही चक्क नाही म्हणालात! कोण मालक आले म्हणून मी मागं वळून पाहिलं. मालक तर तुम्ही, आणि तुम्ही उभे होता. मी पुन्हा बसले, ती आजपर्यंत. त्या शाळेला साधं कळवलंही नाही.

पण एवढं एक वाक्य बोलायला इतकी वर्षं का लावलीत हो? सुमाला आता बेंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलंय. तुमच्याइतका धीर मला नाही, आणि तेवढा वेळ ती देणारही नाही. ती गेली तर हे दुकान कुणाचं म्हणायचं?

म्हणून वचन देते. उद्या सकाळी सुमाला हाताला धरून आणीन आणि माझ्या खुर्चीवर बसवीन. कुणी किंमत विचारलीच, तर शेजारी उभी राहून तुमचंच वाक्य म्हणेन. माझी काळजी करू नका. स्टूल अजून शाबूत आहे.

तुमची,
शैला
(मालकीण, उद्या सकाळपर्यंत)