वाटेसकट जमीन

मुळगाव, १६ जून १९८७

ती. गोकुळदासदादास, धाकट्या कमलाक्षीचा सा. न.

आम्ही खुशाल. यांची खाणीच्या कचेरीतली नोकरी मार्चात संपते, मग कंपनीची खोली सोडावी लागणार. जमवलेलं सगळं एकाच जागेत घालायचं, म्हणून आधी तुला विचारते. एका दलालाने आपल्या धारगळला हमरस्त्यालगत जागा दाखवली. गोवा आता राज्य झालं, दहा वर्षांत तिथे सोन्याचा भाव येईल, असं त्याने सांगितल्यापासून हे जेवताना आमटीच्या बोटाने ताटात नकाशा काढतात!

तू एकदा पाहून ये. बहीण जवळ येईल म्हणून मात्र हो म्हणू नकोस. वहिनीला नमस्कार. माया असू दे.

तुझी,
कमल

धारगळ, २८ जून १९८७

चि. सौ. कमलाक्षीस अ. उ. आ.

जागा पाहिली. तुमच्या सोन्यात पोटरीभर पाणी होतं आणि बेडूक माझ्यावर ओरडत होते. रस्ता रुंद झाला तर पुढचा भाग जाईल. मागचं शेत कूळ कसतं, ते सोडणार नाही. हे दलालाला विचारलं, तर तो पावसाबद्दल बोलू लागला.

दहा वर्षांनी काय भाव येईल ते मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. पाणी, वाट आणि मालकाची सही मात्र आज पाहता येते. मागे चढावर दुसरा तुकडा विकायचा आहे. कोरडी, चिऱ्याची जमीन, मालक एकटाच. विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, असं शेजारी सांगतात. किंमत वाढली तर तिथे वाढेल. पण वाट पद्मावतीबाईंच्या भाटातून, त्यांच्या काजूच्या बागेतून जाते आणि त्या ती देत नाहीत. दोनदा गेलो, दोनदा हात हलवत आलो. वाट नसेल तर ती जमीन फुकटही घेऊ नकोस.

तुझ्या कृष्णनाथरावांना समजावून सांग. सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

मुळगाव, ११ जुलै १९८७

ती. दादास सा. न.

रागावू नकोस. काल म्हापशाच्या बाजाराचं निमित्त काढून मी परस्पर पद्मावतीबाईंकडे गेले. तुझ्या दारावरून गेले, पण आत शिरले असते तर वहिनीने जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

बाईंनी उंडे पाव आणि चहा दिला. आजवर वाट मागायला आलेल्यांपैकी कुणालाच तिथे राहायचं नव्हतं, म्हणाल्या; भाव चढला की विकून जायचं होतं. मी राहणार का, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मला राहायचंय आणि यांना विकायचंय. वाटलं, संपलं सगळं. तर त्या हसत सुटल्या आणि यांनाच घेऊन यायला सांगितलं. हे सकाळपासून तयारच होत नाहीत. आता तूच ओढून ने.

तुझी,
कमल

धारगळ, २० सप्टेंबर १९८७

चि. सौ. कमलाक्षीस अ. उ. आ.

कृष्णनाथरावांना बाईंकडे ओढून नेलं, त्याचं चीज झालं. काल वकिलाकडे जमिनीचा आणि वाटेचा, दोन्ही कागद झाले. पद्मावतीबाईंनी ट्रक जाईल एवढी वाट लिहून दिली. चिरे काय डोक्यावरून आणणार, असं म्हणाल्या.

तुझे यजमान तिथून उठून थेट विहिरीवर गेले, पाणी शेंदून प्यायले आणि घराचं तोंड कुठे करायचं यावरून बाईंशी तासभर भांडले. वाट मिळाल्याने आजच जमिनीची किंमत वाढली, असं मी मुद्दाम म्हटलं. त्यावर ते मला म्हणाले, जरा बाजूला उभे राहा, इथे माड लावायचाय!

आज सकाळी तिकडून गेलो, तर पद्मावतीबाईंनी तुमच्या बाजूचं काटेरी वईचं कुंपण काढायला माणूस लावला होता. तू कधी येतेस ते विचारत होत्या.

लवकर या. वहिनीचा जीव तुझ्यात अडकलाय आणि माझाही.

तुझा,
दादा