माधुरीला आणण्यापुरतं इंग्रजी

३ जून
आजपासून इंग्रजी. माधुरी तीन महिने श्रीरामपूरला माहेरी जाऊन बसलीये, त्याचं कारण शेवटी सापडलं. बायको इंग्लिश मीडियमची टीचर, नवरा सुप्याच्या कंपनीत क्वालिटीला. 'यस सर'च्या पुढे गाडी जात नाही. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मी मूग गिळून बसलो होतो. माहेरी जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलून काही उपयोग नाही. म्हणजे इंग्रजीच! दुसरं काय असणार?

४ जून
इथे नागापूरलाच क्लास लावला. शिकवायला संस्कृती मॅडम, माझ्या पुतणीएवढ्या. म्हणाल्या, काका, रोज पाच फ्रेजल व्हर्ब पाठ करा, फाडफाड बोलाल. काका! असो. संकल्प: दिवाळीच्या आत माधुरी घरात.

९ जून
क्लास बुडाला. ओव्हरटाइम.
कंपनीतल्या वाल्मिकला प्लॅन सांगितला. तो म्हणे, येड्या, बायकू काय इंग्रजीपायी जाती व्हय? तिची आई वारली तवा तू गेल्ता का?
गेलो असतो. ऑडिट होतं. दहाव्याला निघणारच होतो, तर गाडीचा क्लच गेला. आणि मला रडारड बघवत नाही, त्याला मी काय करू? वाल्मिकला यातलं काही कळायचं नाही. त्याला इंग्रजी कुठे येतं.

१७ जून
माधुरीला मेसेज टाकला: 'लेट अस पॅच अप.' निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. ग्रामर तपासत असेल.

२ जुलै
आज 'पास अवे', म्हणजे वारणे. मॅडमनी वाक्य करायला सांगितलं. सगळे अडकले, माझं तयार: 'माय मदर-इन-लॉ पास्ड अवे इन मार्च.' व्हेरी गुड म्हणाल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या! बाहेर आल्या आल्या माधुरीला पाठवलं: 'सॉरी दॅट युवर मदर पास्ड अवे.' एक चूक नाही.

संध्याकाळी
तिचा फोन! स्वतःहून! विचारलं, आज आईची आठवण कशी काय झाली? मी खरं ते सांगितलं, आजच क्लासला शिकवलं. ती म्हणाली, आई गेल्यापासून तुमच्या तोंडून तिचं नाव आज पहिल्यांदा निघालं, तेही होमवर्क म्हणून. आणि रडायला लागली. मी लगेच 'चिअर अप, चिअर अप' म्हणालो. फोन कट. नेटवर्क, दुसरं काय. पण 'ब्रेक द आइस' म्हणतात ते झालं! उद्या पडदे धुवायला काढतो.

८ जुलै
मेहुण्याचा, भागवतचा फोन. रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. म्हणजे सामानासकट येतीये! वाल्मिकला पेढे दिले. त्याने अर्धा खाल्ला, उरलेला परत डब्यात ठेवला. जळतो.

१३ जुलै, रविवार
टेम्पो रिकामा आला. माधुरी नाही. तिला तिकडच्याच शाळेत नोकरी लागली. भागवत तिचं लग्नातलं कपाट न्यायला आला होता.

कपाटाचं एक टोक मी धरलं. जिन्यात भागवत म्हणाला, दाजी, एकदा तरी यायचं हुतं. आई दवाखान्यात सारखी विचारायची, जावई आले का, जेवले का.

कपाट टेकवलं आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडलो. त्या माउलीने मला मुलासारखं केलं होतं आणि मी ऑडिट करत बसलो. भागवत घाबरला. त्यानेच माधुरीला फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, माझं चुकलं गं, मी यायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, हो. मग म्हणाली, कपाटाच्या आरशाला गादी लावून नीट बांधून द्या, भागवतला बांधता येत नाही.

दोरी घट्ट बांधून दिली.