तळाची जाळी

शनिवार, १८ ऑक्टोबर
आज रात्री पाय लांब करून झोपणार! चार महिने ट्रकच्या सीटवर काढले. आता दार आहे, दाराला कडी आहे. कॉर्डेलबाईंच्या घरामागे, पोहण्याच्या टँकला लागूनच ही खोली. पलंग, शेगडी, एक टेबल आणि खिडकीतून टूसानचे डोंगर. बाई उन्हाळाभर मिनेसोटात मुलीकडे असतात, थंडीला इथे येतात. फोनवर म्हणाल्या, बाळा, गुडघ्यांसाठी मला रोज पोहावं लागतं. एक नोव्हेंबरला सकाळी दहाला पोचेन. काठावरून टँकच्या तळाची, पाणी ओढून घेणारी जाळी स्वच्छ दिसली तर खोली तुझी, कायमची. नाही दिसली तर त्याच दिवशी सामान उचलायचं, आणि रडगाणं ऐकवायचं नाही.
पलंगाखाली बूट सापडले. माझ्या आधी रॉइस नावाचा माणूस होता, त्याचे. डाव्या बुटाच्या टोकात चिंधी कोंबलेली आहे. फेकवले नाहीत. दाराशी जोडून ठेवले.

रविवार, १९ ऑक्टोबर
पाणी ताकासारखं आहे. पहिली पायरी दिसते, दुसरी अंधुक, तिसरी नाहीच. जाळी तर आठ फूट खाली. फिल्टर उलट्या धारेने धुतला, भिंती घासल्या, क्लोरीन घातला, पंप चालू ठेवला. चार दिवसांत निवळेल. घाई केली की काम बिघडतं, हे मला माहीत आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
निवळलं नाही. ज्यांच्याकडे काम शिकलो ते हॉलिसकाका सांगायचे, क्लोरीनला ऊन खातं. म्हणून सूर्य मावळल्यावर मोजायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा मोजायचा. मधे ऊन नसतं, आकडा तोच यायला हवा. खाली आला तर पाण्यात काहीतरी जिवंत आहे.
मावळताना आकडा आठ. पहाटे तीन.
शेवाळ असेल असं वाटलं. पण भिंती हाताला स्वच्छ लागतात.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
दुसरी चाचणी केली. माणसं पोहली की त्यांच्या घामाने क्लोरीनचा एक भाग वाया जातो, तो वेगळा मोजता येतो. शाळेच्या टँकमध्ये मुलं पोहून गेल्यावर येतो, तेवढा आकडा आला. मी पाण्यात उतरलेलो नाही. मला पोहता येत नाही. तीनदा मोजलं, बाटली धुऊन.

शनिवार, २५ ऑक्टोबर
शेजारच्या युनिसमावशी भिंतीवरून डोकावल्या. टँकमध्ये दूध ओतलंस का रे पोरा, थांब, कॉफी घेऊनच येते, असं म्हणून स्वतःच खूप हसल्या. मग रॉइसचा विषय निघाला. चांगला होता, पण एकलकोंडा. रोज संध्याकाळी काठावर बसून पाण्याशी गप्पा मारायचा. एक दिवस नाहीसा झाला. डाव्या पायाला दोनच बोटं, आणि बूट इथेच! अनवाणी कुठवर गेला असेल तो वेडा, म्हणाल्या. मी त्यांना अजून थोडं थांबा म्हणणार होतो. पण त्यांना सामान भरायचं होतं. उद्या बहिणीकडे युमाला निघणार आहेत, महिनाभरासाठी.

सोमवार, २७ ऑक्टोबर
आज दिवसभरात तोंडातून एकच शब्द निघाला. आठ. संध्याकाळी, बाटलीकडे बघून.
पहाटे तीन आला होता. खरं लिहायचं तर बरं वाटलं. कोणीतरी येऊन गेलं म्हणून.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
काठावर बसून मी बराच वेळ बोलत होतो. हॉलिसकाकांबद्दल, ट्रकबद्दल. मोठ्याने. लक्षात आलं तेव्हा उठलो. पाणी हललं. वारा नव्हता.

बुधवार, २९ ऑक्टोबर
तीन दिवस उरले. शेवटचा उपाय, तुरटी. सगळीकडे सारखी पसरली, पंप बंद केला. रात्रभर पाणी हलता कामा नये. गढूळपणा तळाला चादरीसारखा बसतो. मग पाइपने ओढून टाकायचा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर
पाणी काचेसारखं आहे. तळावर पांढरा थर, जाळी त्याखाली. आणि थरात पावलं.
जाळीपासून पायऱ्यांपर्यंत. अनवाणी. डाव्या पावलाला दोन बोटं.
पायऱ्यांवर आहेत. काठावर आहेत, तुरटी वाळून पांढरी झालेली. माझ्या दारापर्यंत. परत गेलेली नाहीत.
कडी आतून होती. बुटांची टोकं मी दाराकडे ठेवली होती. ती पलंगाकडे आहेत.
सामान ट्रकमध्ये टाकलं. किल्ली फिरवली. मग शेजारची सीट पाहिली, अजून माझ्या अंगाच्या आकाराची. सामान परत आणलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
थर ओढला. सगळा गेला. फक्त जाळीवर एक पांढरा ढीग — सरकत नाही. पाइप लावला तर पाइपच खाली ओढला गेला. दोनदा.
आज रात्री भुतांची सोंगं घेऊन खाऊ मागत फिरणारी मुलं येतील म्हणून दाराबाहेर वाटीत चॉकलेटं ठेवली होती. अंधार पडेपर्यंत कोणी आलं नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर
सकाळी आठ. वाटी रिकामी. चॉकलेटांचे कागद सगळे ओले, नीट घडी घालून —
बाई दहाला येतील. ढीग तसाच आहे. जाळी दिसत नाही. काठी पोचत नाही. उतरावं लागणार. कठडा धरून, जमेल तेवढं. बूट काढले, रॉइसच्या बुटांशेजारी जोडून ठेवले.

साडेआठ. पहिल्या पायरीवर पाय सोडून बसलोय. थोडा धीर येऊ दे. पाणी गार असायला हवं. नाही. कोणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं उबदार —

जाळी दिसतेय! स्वच्छ, एकेक भोक मोजता येईल. खोली माझी झाली. कायमची.

पण मग ढीग कुठे —

तिसऱ्या पायरीवर. नाही, दुसऱ्या. माझ्या डाव्या पायाच्या बोटांना