वाफेतले दिवस

ताई,

आमचं कपड्यांचं दुकान बुडालं, हे तुला ठाऊक आहे. आता मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते, हे मात्र लपवलंय.

इथे वाफ इतकी, की दिवसभर ढगात तरंगल्यासारखं वाटतं. काल वरच्या वॉर्डातून एक आजी खाली आल्या. “चादरींना इस्त्री कोण करतं गं?” मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी माझे गरम हात धरले. “ऑपरेशननंतर ह्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आज तुझी ऊबदार चादर अंथरली आणि चक्क घोरायला लागले!” आम्ही दोघी हसत सुटलो. मग कितीतरी वेळ मी एकटीच गुणगुणत होते.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर तडक मला न्यायला येशील, आणि मला इथून हलायचं नाहीये.

तुझी,
धाकटी